ऑनलाइन घेतलेली जड आणि नाजूक संगीतसामग्री नाशिकला सुखरूप कशी आणावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवण्याचे यंत्र), वॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर, जमिनीवर उभे राहणारे स्पीकर, मिरजेचा तानपुरा किंवा कोलकात्याची पेटी या वस्तू नाशिकमध्ये बसून घ्यायच्या तर बहुतेक वेळा छायाचित्रे पाहून, दूरच्या विक्रेत्याकडूनच मागवाव्या लागतात. वस्तू कशी निवडावी हा वेगळा विषय आहे. पैसे ठरल्यापासून वस्तू घरात चालू होईपर्यंतच्या टप्प्याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

जड वस्तू तर मजबूत असते. मग ती प्रवासात मोडते कशी?

ती बहुधा स्वतःच्याच वजनाने मोडते. खोका अर्ध्या मीटरवरून खाली पडला की जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी सुमारे ११ किलोमीटर असतो. पुठ्ठा तेथेच थांबतो, पण आतील ट्रान्सफॉर्मर, चुंबक किंवा फिरती थाळी त्याच वेगाने पुढे जाऊ पाहते आणि तिला अडवण्याचे काम चार स्क्रूंवर येऊन पडते. हा सगळा वेग अर्ध्या सेंटिमीटरच्या अंतरात जिरवायचा झाला तर त्या भागावर त्याच्या वजनाच्या सरासरी १०० पट बल येते, म्हणजे ८ किलोचा ट्रान्सफॉर्मर क्षणभर ८०० किलोचा होतो. तोच वेग अडीच सेंटिमीटर दबणाऱ्या फोमने जिरवला तर बल २० पटींवर येते. पॅकिंगचे सारे शास्त्र या दोन आकड्यांत आहे. वस्तूला थांबायला पुरेसे अंतर मिळाले पाहिजे आणि तिच्या आतील कोणताही जड भाग स्वतंत्रपणे हलता कामा नये. दुसरी अट पाळली नाही तर पहिलीचा उपयोग होत नाही. काचेच्या बरणीत वरवंटा ठेवून बरणीला बाहेरून कितीही गाद्या गुंडाळल्या, तरी बरणी फुटायची ती आतूनच फुटते.

पॅकिंगविषयी विक्रेत्याशी केव्हा बोलावे?

पैसे देण्याआधी. पैसे पोहोचल्यावर विक्रेत्याला वस्तू घरातून लवकर हलवायची घाई असते आणि आपल्या सूचना त्याला कटकट वाटू लागतात. त्यामुळे किंमत ठरवतानाच पॅकिंगचा खर्च वेगळा धरावा आणि तो आपण देणार असल्याचे स्पष्ट सांगावे. वीस हजारांच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी हजार-दीड हजार रुपये पॅकिंगवर गेले तर ते महाग पडले असे मानू नये.

काय हवे ते लेखी कळवावे, आणि ते विक्रेत्याला करता येईल अशा भाषेत असावे. “नीट पॅक करा” या सूचनेला अर्थ नसतो, कारण प्रत्येक विक्रेता आपल्या परीने नीटच पॅक करत असतो. “थाळी काढून वेगळी गुंडाळा, वॉल्व्ह काढून त्यांना क्रमांक द्या, आतल्या आणि बाहेरच्या खोक्यांच्या मध्ये सगळ्या बाजूंनी किमान ५ सेंटिमीटर फोम ठेवा, आणि खोका बंद करण्यापूर्वी प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र पाठवा” ही सूचना मात्र पाळली गेली की नाही, ते पाहता येते. वस्तू चालू असतानाची चित्रफीत आणि अनुक्रमांकाचे छायाचित्रही याच वेळी मागून घ्यावे. पुढे भरपाईचा प्रश्न आला तर प्रवासाआधी वस्तू कशी होती याचा तेवढाच पुरावा आपल्या हाती राहतो. विक्रेत्याने एवढेही करण्यास नकार दिला तर माझ्या मते तो सौदा सोडून द्यावा, मग वस्तू कितीही दुर्मीळ असो.

मूळ कंपनीचा खोका असेल तर आणखी काही करावे लागते का?

होय. मूळ खोका आणि त्यातील साचेबद्ध थर्माकोल हे सर्वोत्तम आतले पॅकिंग आहे, परंतु वीस-तीस वर्षे माळ्यावर पडलेला पुठ्ठा दमटपणाने नरम झालेला असतो आणि थर्माकोलला तडे गेलेले असतात. शिवाय मूळ खोका कारखान्यातून दुकानापर्यंत एकगठ्ठा जाण्यासाठी बनवलेला असतो. सुटा सुटा चार गोदामे फिरण्यासाठी नव्हे. म्हणून तो दुसऱ्या, मोठ्या खोक्यात घालावा.

दुहेरी खोका म्हणजे नेमके काय? भरपूर बबल रॅप पुरत नाही का?

हलक्या वस्तूला पुरतो, जड वस्तूला पुरत नाही. दहा-बारा किलोंच्या वर वजन गेले की बबल रॅपमधील फुगे खालच्या बाजूला सततच्या दाबाने आणि रस्त्यातील हादऱ्यांनी फुटत जातात, आणि प्रवासाच्या शेवटी वस्तू नुसत्या प्लॅस्टिकच्या कापडावर उभी असते. बबल रॅप पृष्ठभागाला ओरखडे पडू नयेत म्हणून वापरावा. धक्का जिरवण्यासाठी पांढऱ्या ईपीई फोमच्या शीट किंवा जाड पट्ट्या घ्याव्यात. त्या दबतात आणि पुन्हा फुगतात.

दुहेरी खोक्यात वस्तू आधी अंगाबरोबरच्या, घट्ट बसणाऱ्या पाच पदरी खोक्यात बसवतात. हा खोका हातात धरून हलवला तर आत काहीही सरकल्याचे जाणवू नये. मग तो पाच किंवा सात पदरी मोठ्या खोक्यात, सहाही बाजूंनी ५ ते ७ सेंटिमीटर फोम ठेवून बसवतात. कोपऱ्यांना फोमचे वेगळे ठोकळे द्यावेत, कारण खोका सपाट कधीच पडत नाही, तो कोपऱ्यावर पडतो. वर्तमानपत्रांचे बोळे दोन दिवसांत चेपून जागा मोकळी करतात, आणि थर्माकोलचे सुटे मणी स्थिर विजेने चिकटून स्पीकरच्या शंकूत व आवाजाच्या बटणांत शिरतात. ते दोन्ही टाळावेत.

“ही बाजू वर” असा बाण काढावा, पण तो कोणी पाळेल या भरवशावर राहू नये. खोका उलटा होणारच असे धरून पॅक करावे.

वस्तू परत पाठवायची किंवा विकायची असेल तर नाशिकमध्ये चांगले खोके मिळतात का?

या बाबतीत नाशिककर सुदैवी आहेत. द्राक्षांच्या निर्यातीमुळे जिल्ह्यात पुठ्ठ्याच्या खोक्यांचा मोठा व्यवसाय उभा आहे, आणि अंबड व सातपूरच्या औद्योगिक वसाहतींमुळे यंत्रांचे भाग पाठवण्याचे सात पदरी खोके, पट्ट्या आणि फोमही मिळतात. काही खोकेवाले मापे दिल्यास थोड्या संख्येनेही खोके करून देतात. मात्र द्राक्षांच्या हंगामात, म्हणजे साधारण जानेवारी ते एप्रिल या काळात, त्यांना दोन खोक्यांच्या कामासाठी सवड नसते. द्राक्षांचे तयार खोके आयते मिळतात म्हणून ते वापरण्याचा मोह होतो. ते चार-पाच किलो फळांसाठी, हवा खेळावी म्हणून भोके ठेवून बनवलेले असतात आणि आपल्या कामाचे नाहीत.

टर्नटेबल कसे पॅक करून घ्यावे?

सर्वाधिक नुकसान याच वस्तूचे होते, आणि बहुतेक वेळा ते टाळता येण्यासारखे असते. नेहमीचे कारण एकच असते, ते म्हणजे थाळी जागेवर ठेवून दिलेली असते. धातूची दोन-अडीच किलोंची थाळी खोका उलटा होताच दांड्यावरून निसटते, आधी टोनआर्म (सुई पेलणारा हात) वाकवते आणि मग वरचे पारदर्शक झाकण फोडते. म्हणून थाळी काढून, वेगळी गुंडाळून, टर्नटेबलच्या खाली स्वतंत्र थरात ठेवावी. टेक्निक्सच्या एसएल-१२०० एमके२ सारख्या थेट मोटरवर चालणाऱ्या यंत्रात थाळीच्या पोटाशी मोटरचे चुंबक असते; ते उघडे ठेवले तर लोखंडाचा बारीक कीस चिकटतो, म्हणून ती आधी स्वच्छ पिशवीत घालावी. पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्राचा पट्टा काढून लहान पाकिटात ठेवावा.

यानंतर टोनआर्मच्या मागचे संतुलनाचे वजन काढावे. ते जागेवर राहिले तर प्रत्येक हादऱ्याला आर्मच्या सूक्ष्म बेअरिंगवर ताण येतो, आणि बेअरिंग बिघडल्याचे डोळ्यांना दिसत नाही, फक्त ऐकताना कळते. पुढचे हेडशेल, म्हणजे आर्मचे टोक, कार्ट्रिजसह (सुई असलेल्या भागासह) काढून, सुईला तिचे टोपण लावून, लहान डबीत ठेवावे. रिकामा आर्म त्याच्या टेकूवर बसवून मऊ सुती दोऱ्याने किंवा कागदी चिकटपट्टीने बांधावा; पारदर्शक चिकटपट्टी काढताना रंग आणि अक्षरे सोबत घेऊन येते. झाकण बिजागरीतून काढून वेगळे गुंडाळावे.

काही जुन्या यंत्रांत थाळी आणि आर्म पेलणारा सांगाडा स्प्रिंगांवर टांगलेला असतो. थोरेन्सच्या अनेक नमुन्यांत तो प्रवासासाठी कसण्याचे स्क्रू दिलेले आहेत. ते हरवले असतील तर सांगाडा आणि चौकट यांच्यामध्ये फोमचे तुकडे दाबून बसवावेत. गॅरार्डच्या ३०१ आणि ४०१ मध्ये मोटर स्प्रिंगांवर असते, तिलाही असाच आधार लागतो.

वॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरला एवढी काळजी का घ्यावी लागते?

कारण त्यात काचेचे नाजूक वॉल्व्ह आणि लोखंड-तांब्याचे जड ट्रान्सफॉर्मर एकाच पत्र्याच्या चौकटीवर शेजारी बसलेले असतात. वॉल्व्ह जागेवर ठेवून पाठवू नयेत. प्रत्येक वॉल्व्हला आणि त्याच्या खाचेला कागदी पट्टीवर एकच क्रमांक लिहावा, वॉल्व्ह सरळ वर ओढून काढावा, वेगळा गुंडाळावा, आणि सगळे वॉल्व्ह एका लहान कडक खोक्यात घालून तो खोका बाहेरच्या फोमच्या थरात ठेवावा. वॉल्व्हवरची जाळी लावलेली आहे म्हणून ते सुरक्षित आहेत असे समजू नये; जाळी बाहेरचा हात आत जाऊ देत नाही, एवढेच तिचे काम.

दुसरा धोका चौकटीला असतो. ट्रान्सफॉर्मर बहुधा एका बाजूला असल्याने खोका नेहमी त्याच बाजूवर पडतो, आणि पातळ पत्रा बोल्टांभोवती वाकतो किंवा फाटतो. २५ किलोंच्या वरच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे तळाला जाड प्लायवूडची फळी घेणे आणि रबरी पाय ज्या बोल्टांनी बसवलेले असतात त्याच जागी, योग्य लांबीचे बोल्ट वापरून अ‍ॅम्प्लिफायर त्या फळीला कसणे. बोल्ट गरजेपेक्षा लांब असेल तर तो आतील भागांना टेकतो, हे आधी तपासावे. मग फळीसह सगळे आतल्या खोक्यात घट्ट बसवावे. ट्रान्सफॉर्मरच्या बाजूचा फोम दुसऱ्या बाजूपेक्षा अधिक घट्ट घ्यावा.

स्पीकरचे काय बिघडू शकते? ते तर लाकडी खोकेच असतात.

लाकडाचे कोपरे चेपणे हे दिसणारे नुकसान आहे आणि ते दुरुस्त होते. न दिसणारे नुकसान वूफरच्या, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या भागाच्या चुंबकाचे असते. जोराच्या आदळण्याने चिकटवलेले जड चुंबक किंचित सरकले तर त्याच्या फटीतील तारेचे वेटोळे घासू लागते, आणि मंद आवाजात खरखर ऐकू येते. म्हणून दोन्ही स्पीकर वेगवेगळ्या खोक्यांत असावेत. खालचे टोकदार पाय काढून घ्यावेत, आणि शंकूच्या समोर, त्याला न टेकणारा कडक पुठ्ठा किंवा पातळ प्लाय चौकटीवर लावावा. शंकूवर थेट बबल रॅप दाबून बसवणे ही नेहमीची चूक आहे.

एक सोपी युक्ती फारशी कोणी करत नाही. ज्या स्पीकरमध्ये स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर नाही, त्याच्या मागील धन आणि ऋण टोकांना तारेच्या तुकड्याने जोडून ठेवले तर हादऱ्यांनी शंकू हलताना वेटोळ्यात निर्माण होणारा प्रवाहच त्या हालचालीला विरोध करतो, आणि शंकू कमी हलतो. ऐकण्यापूर्वी ही तार न विसरता काढावी, नाहीतर अ‍ॅम्प्लिफायर जळण्याची शक्यता असते. चार्जिंगच्या बॅटरीवर चालणाऱ्या ट्रॉली स्पीकरला मात्र वेगळा नियम आहे. बॅटरीसह वस्तूंवर विमान वाहतुकीत निर्बंध असतात, त्यामुळे बॅटरी असल्याचे लपवू नये आणि अशी वस्तू रस्त्यानेच मागवावी.

रेकॉर्ड कशा मागवाव्यात?

उभ्या, आडव्या रचून नव्हे. जाड मुखपृष्ठासह एलपी साधारण पाव किलोची असते, म्हणून एका खोक्यात ४०-५० पेक्षा अधिक भरू नयेत. तबकडी आतल्या पाकिटासह मुखपृष्ठाच्या बाहेर काढून, मुखपृष्ठाच्या मागे ठेवावी. नाहीतर तिची कड हादऱ्यांनी मुखपृष्ठाची शिवण उसवते. लाखेच्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या काचेसारख्या फुटतात, त्यामुळे प्रत्येक दोन तबकड्यांमध्ये पुठ्ठा हवाच. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या बंद टेम्पोत उन्हाने प्लॅस्टिकची एलपी वाकू शकते. घाई नसेल तर जूनपर्यंत थांबावे.

पेटी, तबला आणि तानपुरा यांना हेच नियम लागू होतात का?

तत्त्व तेच, तपशील वेगळे. पेटीचा भाता बंद करून त्याच्या कड्या लावाव्यात, पट्ट्यांवर मऊ कापडाची घडी ठेवून झाकण बंद करावे, म्हणजे पट्ट्या उडत नाहीत. स्केल चेंजर पेटी (पट्ट्या सरकवून सूर बदलता येणारी) साध्या पेटीपेक्षा बरीच जड असते आणि तिच्यातील पट्ट्यांची सरकणारी चौकट हाच तिचा कमकुवत भाग असतो. ती एका टोकाला नेऊन फोमने अडवावी. तबला आणि डग्गा कधीही एका खोक्यात एकमेकांवर ठेवू नयेत. डग्ग्याचा धातू तबल्याच्या पुडीवर आपटला की शाईला तडा जातो. पुडीवर आधी कापड, मग कडक गोल पुठ्ठा आणि मग फोम असा क्रम ठेवावा.

तानपुरा हा या सगळ्यांत अवघड. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील कारागीर पिढ्यान् पिढ्या ही वाद्ये बाहेरगावी पाठवत आले आहेत, त्यामुळे थेट कारागिराकडून घेताना पॅकिंगचे काम त्यांच्यावरच सोपवावे. आपण फक्त लाकडी पेटाऱ्याचा आग्रह धरावा. दुसऱ्या कोणाकडून जुना तानपुरा घेतला तर तारा दोन-तीन सूर उतरवायला सांगाव्यात, परंतु पूर्ण सोडायला सांगू नये, कारण घोडी अनेकदा तारांच्या दाबानेच जागेवर बसलेली असते. भोपळ्याला चारही बाजूंनी सारखा आधार हवा. तो एका ठिकाणी टेकला की तेथेच फुटतो. दांडी आणि भोपळा यांच्या जोडावर भार येऊ नये म्हणून दांडीखालीही आधार द्यावा. ढोलाच्या बाबतीत नाशिककरांना काही सांगण्याची गरज नाही.

लाकडी क्रेट केव्हा करून घ्यावे?

वजन ४० किलोंच्या वर गेले की, किंवा वस्तू परत मिळण्यासारखी नसेल तर. वीस-पंचवीस किलोंचा खोका एक माणूस उचलतो आणि दमला की टाकतो. ७० किलोंचे क्रेट दोन-तीन माणसांशिवाय हलत नाही, त्याला ट्रॉली लागते, आणि म्हणून ते फेकले जात नाही. मधल्या वजनाचे खोके सर्वाधिक मार खातात. क्रेटच्या तळाला दोन आडव्या पट्ट्या असाव्यात, म्हणजे ट्रॉलीचे दात खाली जातात. क्रेटच्या आतही फोम हवाच, कारण लाकूड धक्का अडवत नाही, तो तसाच आत पोहोचवते.

कुरिअर, ट्रान्सपोर्ट, रेल्वे, टपाल की ट्रॅव्हल्सची डिकी?

रेकॉर्ड आणि लहान वस्तूंसाठी टपाल खात्याचे पार्सल चांगले आहे. त्याची कमाल वजनमर्यादा ३५ किलो आहे. टर्नटेबलसाठी कुरिअर चालेल. स्पीकर, मोठे अ‍ॅम्प्लिफायर आणि क्रेट ट्रान्सपोर्टने, पार्ट लोडमध्ये (इतरांच्या मालासोबत एकाच ट्रकमधून) मागवावेत. यात वेळ अधिक लागतो, पण माल हाताळण्याची ठिकाणे कमी असतात. बुकिंग करतानाच मार्गात माल किती ठिकाणी उतरवून पुन्हा चढवला जाणार आहे हे विचारावे, कारण नुकसान धावत्या ट्रकमध्ये कमी आणि गोदामाच्या फलाटावर अधिक होते. रेल्वेचे पार्सल नाशिक रोड स्थानकावर येते. दूरच्या अंतरासाठी ते स्वस्त पडते, मात्र गाडी थोडा वेळ थांबत असल्याने उतरवण्याची घाई असते, म्हणून क्रेटशिवाय ते टाळावे. ट्रॅव्हल्सच्या डिकीत पॅकिंगवर बॅगा आणि पोती रचली जातात, आणि बहुधा धड पावतीही मिळत नाही.

पावसाळ्यात कोणताही मार्ग निवडला तरी आतला खोका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकायला सांगाव्यात. इगतपुरी आणि कसारा घाटातला पाऊस ताडपत्रीच्या फटीतून आत येतोच. २०२७ च्या सिंहस्थातील पर्वण्यांच्या सुमारास शहरातील वाहतूक वळवली जाईल, तेव्हा महत्त्वाची वस्तू त्या आठवड्यांत मागवू नये.

वस्तू २८ किलोंची असताना बिल ५९ किलोंचे का आले?

कुरिअर कंपन्या खरे वजन आणि आकारमानाचे वजन यांपैकी जे अधिक असेल त्यावर आकारणी करतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५,००० ने भागतात. काही ठिकाणी भाजक याहून लहान असतो. खोका ११० × ६० × ४५ सेंटिमीटरचा असेल तर हे वजन ५९.४ किलो येते. म्हणून फोमचा थर सांगताना हिशेबही करून पाहावा, पण पैसे वाचवण्यासाठी फोम कमी करू नये. त्याऐवजी ट्रान्सपोर्टचा दर विचारावा.

विक्रेता मुंबईत किंवा पुण्यात असेल तर?

स्वतः जाऊन आणावी. मुंबई १७० आणि पुणे २१० किलोमीटरच्या आसपास आहे. एका दिवसात जाणे-येणे होते, वस्तू ऐकून घेता येते आणि पॅकिंगचा अर्धा प्रश्न मिटतो. थाळी, वॉल्व्ह आणि वजने तरीही काढावीतच. स्पीकर मागच्या सीटवर आडवा ठेवताना शंकू वरच्या बाजूला ठेवावा, आणि अ‍ॅम्प्लिफायर सीटवर न ठेवता खाली, पुढच्या सीटच्या मागे, गादीवर ठेवावा.

ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीसाठी जीएसटीखाली काढायचा ऑनलाइन दस्तऐवज, लागते का?

मालाची किंमत ५०,००० रुपयांहून अधिक असेल आणि तो परराज्यातून येत असेल तर सर्वसाधारणपणे लागते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख रुपये आहे. वापरलेल्या घरगुती सामानाला त्यातून सूट आहे, पण विकलेली वस्तू त्यात बसते का यावर ट्रान्सपोर्टवाले हटकून वाद घालतात. विक्रेता जीएसटी नोंदणी नसलेली खासगी व्यक्ती असेल तर तिने वस्तूचे वर्णन, किंमत आणि वापरलेली असल्याचा उल्लेख असलेले सहीचे पत्र बिल्टीसोबत (वाहतूकदाराच्या मालपावतीसोबत) द्यावे.

बिल्टीवर “मालकाच्या जबाबदारीवर” असे छापलेले असते. मग भरपाई मिळत नाही का?

एवढे छापल्याने वाहतूकदाराची निष्काळजीपणाची जबाबदारी संपत नाही. तरीही भरपाई किती मिळेल हे बुकिंगच्या वेळीच ठरलेले असते. रस्ते माल वाहतूक कायदा, २००७ आणि त्याखालील नियमांनुसार मालाचे अधिक मूल्य जाहीर केले नसेल तर वाहतूकदाराचे दायित्व भाड्याच्या दहा पटींपर्यंत मर्यादित राहते. भाडे ९०० रुपये असेल तर ९,००० रुपयांपेक्षा अधिकाची आशा ठेवू नये, मग आतील अ‍ॅम्प्लिफायर साठ हजारांचा का असेना. म्हणून बिल्टीवर खरे मूल्य लिहून घ्यावे आणि त्यासाठीचे जादा शुल्क भरावे. शुल्क वाचवण्यासाठी किंमत कमी लिहिणारे विक्रेते आपलेच नुकसान करत असतात.

प्रवासाचा विमा वेगळा घेता येतो, पण त्यातील दोन अपवाद आधी वाचावेत. अपुऱ्या पॅकिंगमुळे झालेले नुकसान बहुधा वगळलेले असते, आणि बाहेरून इजा नसताना यंत्र बंद पडले तर तेही. पॅकिंगची टप्प्याटप्प्याची छायाचित्रे या ठिकाणी उपयोगी पडतात.

घर पंचवटीतील जुन्या वाड्यात आहे. घरपोच मिळेल का?

ट्रक दारापर्यंत येणार नाही, हे गृहीत धरावे. पंचवटी, रविवार कारंजा किंवा भद्रकालीच्या गल्ल्यांसाठी “गोडाउन डिलिव्हरी” घेऊन आडगाव नाक्याकडील किंवा द्वारकेजवळील गोदामातून छोट्या टेम्पोने माल आणणे सोयीचे पडते. वाड्याचा जिना आधी मोजावा. हमाली आधी ठरवावी, आणि जिना चढण्यापूर्वी बाहेरचा खोका खालीच उघडून आतला खोका वर न्यावा. वजन आणि आकार दोन्ही कमी होतात.

माल हातात घेताना काय पाहावे?

बाहेरचा खोका चेपलेला, ओला, फाटलेला किंवा पुन्हा चिकटवलेला दिसला तर सही करण्यापूर्वी सहाही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत आणि पोचपावतीवर तसे लिहावे. डिलिव्हरी करणारा माणूस घाई करतो, “आधी ओटीपी सांगा” म्हणतो. ओपन डिलिव्हरीची सोय असेल तर उघडून पाहिल्याशिवाय ओटीपी देऊ नये. सोय नसेल तर “आतील वस्तू न तपासता स्वीकारली” एवढे शब्द तरी पावतीवर असावेत. उघडतानाची चित्रफीत सलग असावी, आणि तिची सुरुवात न उघडलेल्या खोक्यावरील पत्त्याच्या चिठ्ठीपासून व्हावी. फोम, खोका आणि पट्ट्या वस्तू नीट चालू होईपर्यंत टाकून देऊ नयेत.

आत नुकसान आढळले तर पुढे काय करावे?

त्याच दिवशी विक्रेता आणि वाहतूकदार दोघांनाही लेखी कळवावे. वस्तू दुरुस्तीला टाकू नये, कारण उघडलेल्या यंत्राचे नुकसान प्रवासात झाले हे नंतर कोणी मान्य करत नाही. वाहतूकदाराविरुद्ध दावा करायचा असेल तर त्याआधी, बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत, लेखी नोटीस देणे कायद्याने आवश्यक आहे. तोंडी आश्वासनांवर विसंबून ही मुदत चुकवणारे पुष्कळ असतात.

व्यावसायिक विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतलेली वस्तू सदोष किंवा वर्णनापेक्षा वेगळी असेल तर ती परत घेण्यास तो २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार नकार देऊ शकत नाही, आणि संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच व महिन्याभरात निवारण करणे अपेक्षित आहे. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग असा मार्ग आहे. २०१९ च्या कायद्यामुळे तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे विक्रेता कोलकात्याचा असला तरी तक्रार नाशिकला दाखल होते; मुदत दोन वर्षांची आहे. खासगी व्यक्तीकडून घेतलेल्या वस्तूला हे संरक्षण नाही. तेथे आपल्या हाती फक्त वाहतूकदाराच्या सेवेविषयीची तक्रार आणि आधी झालेले लेखी बोलणे उरते.

परदेशातून मागवावे का?

नवी वस्तू असेल तर शुल्काचा हिशेब करून मागवावी. वापरलेल्या वस्तूंच्या आयातीवर परकीय व्यापार धोरणात निर्बंध आहेत, तेव्हा जुने यंत्र मागवण्यापूर्वी कस्टम एजंटचा सल्ला घ्यावा. लाकडी क्रेट असल्यास त्यावर आयएसपीएम १५ या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा शिक्का हवा, म्हणजे लाकूड बहुधा गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवलेले असते. जपानी यंत्र १०० व्होल्टचे आणि अमेरिकी १२० व्होल्टचे असते, त्यामुळे २३० व्होल्टसाठी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. त्याचेही वजन आणि भाडे धरावे. ६० हर्ट्झवर चालणारे जुने टर्नटेबल आपल्या ५० हर्ट्झवर, ट्रान्सफॉर्मर लावूनही, मंद फिरू शकते.

वस्तू आल्याबरोबर चालू करावी का?

नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्रीच्या प्रवासाने गार पडलेले यंत्र उबदार खोलीत उघडले तर आत दव धरते. निफाडकडच्या थंडीतून आलेला खोका तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बंदच ठेवावा. उघडल्यावर यंत्र हळू तिरके करून आत काही सुटे वाजते का ते ऐकावे, ट्रान्सफॉर्मरचे बोल्ट पाहावेत, फ्यूज तपासावा, वॉल्व्ह क्रमांकानुसार बसवावेत. वॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकर जोडल्याशिवाय कधीही चालू करू नये, त्याने आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. पहिल्यांदा वीज देताना रेडिओ दुरुस्तीवाले वापरतात तो सिरीज बल्बचा बोर्ड मध्ये घालावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर बहुधा सारे ठीक आहे; तो पूर्ण तेजाने पेटून राहिला तर लगेच बंद करून कारागिराला बोलवावे, आणि पॅकिंगचे साहित्य अजून जवळ आहे याची खात्री करावी.